घरी कोणी नाही

२६ डिसेंबर, शुक्रवार

भिंतीवरचा जुना थर्मोस्टॅट अखेर निघाला. गोल, पिवळा पडलेला, मधे एक चकती. ती उजवीकडे फिरवली की गच्चीवरचं मशीन गुरगुरायचं आणि छताच्या जाळीतून गरम हवा यायची. त्यात बिघडलेलं काहीही नव्हतं! पण मनीष नोकरीच्या गावाहून, जुबैलहून, येतानाच नवा स्मार्ट थर्मोस्टॅट घेऊन आला. काळी काच, आत आकडे, फोनवर ॲप. "आता घर मी जुबैलहून चालवीन," म्हणाला. महिन्यातून दोन दिवस येणारा माणूस घर चालवणार. चालव बाबा.

सगळी सुट्टी भिंतीला तोंड करून उभा. मी म्हटलं, इलेक्ट्रिशियनला बोलावू या का? असा काही चेहरा केला की मी गपचूप चहा ठेवायला गेले. प्लांटमधे इन्स्ट्रुमेंटेशन बघणाऱ्या माणसाला घरातल्या चार वायरींसाठी इलेक्ट्रिशियन बोलावणं म्हणजे नाक कापल्यासारखंच.

नाना मागे उभे राहून बघत होते. सासरे आयुष्यभर ओझरच्या कारखान्यात इन्स्पेक्टर. काटा किंवा आकडा दिसला की चष्मा आपोआप नाकावर. त्यांनी काचेकडे बोट नेलं तर मनीष म्हणाला, "नाना, तुम्ही याला हात नका लावू. सेटिंग बिघडतं." नानांनी बोट मागे घेतलं. नंतर दिवसभर हात पाठीमागे बांधूनच घरात फिरत होते. मला फार वाईट वाटलं. 

जुना डायल मनीष फेकून दे म्हणत होता. मी टॉवेलात गुंडाळून स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमधे टाकला. का, कोण जाणे.

२७ डिसेंबर, शनिवार

सकाळी काच लखलखत होती, दुपारी काळीठिक्कर. दाबली, पुसली, फुंकर मारली — काही नाही. मनीषची परतीची फ्लाइट, इथल्या अबहा विमानतळावरून. "चार्ज होत नाहीये बहुतेक, फोनवर सांगतो," म्हणून बॅग उचलली. म्हणजे ज्याने उघडलं तो चालला आणि निस्तरायला मी.

विमानतळावर सोडायला गेले तेव्हा गाडीत विषय काढला. नानांचा व्हिजिट व्हिसा जानेवारीअखेर संपतो. वाढवायचा तर मनीषच्याच नावावरून वाढणार. "बघू," म्हणाला.  मार्चमधे त्याला कंपनीचा फ्लॅट मिळतो आहे — मी इथली नोकरी सोडून तिकडे जायचं, असं आमचं दोन वर्षांपासून ठरलेलं. फ्लॅटला बेडरूम एकच. तेव्हा आई होत्या, नाशिकला नाना आणि त्या मजेत होते. ऑगस्टमधे आई गेल्या. नाना एकटे राहीनात, जेवीनात, म्हणून आपण इकडे आणलं. आता?

"नानांनी स्वतःहून म्हटलं की श्रुतीकडे जातो, तर बरं होईल. मी कसं सांगणार त्यांना?"

श्रुती म्हणजे माझी नणंद, पुण्याला असते. मनीषला कोणाच्या तोंडावर नाही म्हणता येत नाही. लग्नात माझ्या मामांना फोटोत उभं राहू नका म्हणायचं होतं, तर यानं कॅमेऱ्याचीच बॅटरी संपली म्हणून सांगितलं होतं! तेव्हा आम्ही किती हसलो होतो.

२९ डिसेंबर, सोमवार

रात्रीचं तापमान सहा. इथे डोंगरावर, खमीसला आल्यापासून लोकांना सांगून दमले की सौदीतही थंडी पडते. कोणाचा विश्वास बसत नाही. नाशिकहून निघताना नाना दोन सुती सदरे आणि छत्री घेऊन आले होते, उन्हासाठी.

छोटा रूम हीटर आहे, पण तो नाना मी घरात नसताना लावत नाहीत. "डुलकी लागली आणि पेटलं काही तर?"

आज हाफ डे घेऊन वायरिंग केलं. मीच! मनीष व्हिडिओ कॉलवर. जुन्या डायलला स्वतःसाठी वीज लागत नव्हती, या काचेला लागते, आणि ती आणणारी वायर जोडलेलीच नव्हती. भिंतीच्या भोकात मागे वळवून ठेवलेली एक निळी वायर सापडली. तिचं दुसरं टोक गच्चीवर. इमारतीच्या हारिसकडून, म्हणजे वॉचमन तल्हाकडून, गच्चीची किल्ली घेतली, मेन बंद केला, मशीनचं झाकण उघडलं. वारा असा की बोटं बधिर. मनीष फोनमधून ओरडतोय, "सी! सी लिहिलंय तिथे जोड!" जोडली. खाली येऊन बघते तर काच उजळलेली.

"बघ, मी म्हटलं नव्हतं?" इति मनीष.

काय म्हटलं होतं? आणि गच्चीवर कोण चढलं होतं?

३० डिसेंबर, मंगळवार

हीटिंग लावलं की थंड हवा येते. भर डिसेंबरात एसी! नाना शालीतून म्हणाले, "हवा जोरात आहे हं. जरा गार आहे इतकंच."

३१ डिसेंबर, बुधवार

सापडलं. गरम आणि गार दोन्ही एकच मशीन करतं. आत एक झडप असते, ती फिरली की काम उलटं होतं. झडप कधी फिरवायची हे थर्मोस्टॅटला सेटिंगमधे सांगावं लागतं — ओ किंवा बी. मनीषनं ओ ठेवलं होतं, आपलं मशीन बी वालं. हॉस्पिटलच्या लॅबमधे सॅम्पल लावून ठेवून पुस्तिका वाचत बसले तेव्हा कळलं. घरी येऊन एक अक्षर बदललं, थोड्याच वेळात जाळीतून ऊब.

"आली!" नाना जाळीखाली तोंड वर करून उभे. किती दिवसांनी तो आवाज ऐकला.

मनीषला कळवलं. "डिफॉल्टच तसं असतं." बरं.

२ जानेवारी, शुक्रवार

चांगला दिवस. लिहून ठेवते, फार येत नाहीत असे.

बाजारात गेले होते. निघताना हीटिंग बंद केलं होतं आणि नाना उन्हात खाली बसले होते. परतताना गाडीतूनच फोनवर चालू केलं. घरात पाऊल टाकलं तर नाना खुशीत. "तू लावलंस ना? खाली बारीक अक्षरात तुझं नाव आलं. मंजिरी." काच मी कधी इतक्या जवळून बघितलीच नव्हती. खरंच, फोनवरून काही केलं की खाली नाव येतं. नाना म्हणाले, "म्हणजे कोणी केलं ते कळतं. चांगली सोय आहे." कारखान्यात प्रत्येक नोंदीखाली सही लागायची म्हणे.

खिचडी, कढी, भाजलेला पापड. नानांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. आई गेल्यापासून पहिल्यांदाच.

६ जानेवारी, मंगळवार

संध्याकाळी घरी आले तर मशीन चालू, काचेवर बावीस मागितलेले, आणि घर मात्र बर्फ! नाना सोफ्यावर — स्वेटर, त्यावर कोट, माकडटोपी. "चालू आहे की," म्हणाले. चालू तर आहेच. मग ऊब जाते कुठे?

फिल्टर काढून धुतला. काळं पाणी निघालं. तेच असेल.

७ जानेवारी, बुधवार

ते नव्हतं. आजही गारच.

८ जानेवारी, गुरुवार

नानांना खोकला. छातीत आवाज नाही, पण खोकला वाईट. डॉक्टरांनी औषध दिलं, म्हणाले, "उबेत ठेवा." ठेवते आहे की! शनिवार-रविवार... नाही, इथे शुक्रवार-शनिवार. नऊ वर्षं झाली तरी चुकते. तर सुट्टीत घर छान गरम असतं आणि कामाच्या दिवशी गार. मशीनला काय माझी ड्यूटी माहीत आहे?

जेवताना नाना एकदम म्हणाले, "मंजिरी, मला श्रुतीकडे पाठव."

 विचारलं, काय झालं? माझं काही चुकलं? तर म्हणाले, "छे गं! थंडी सोसत नाही." पाच महिन्यांपूर्वी बायको गेलेला माणूस, जरा कुठे जेवायला लागला होता. आणि श्रुतीकडे तिची सासू अंथरुणाला खिळलेली. नानांना ते माहीत आहे. कुठे राहणार? हॉलमधे?

मनीषला फोन केला. वाटलं, म्हणेल थांबव त्यांना. म्हणाला, "अच्छा. स्वतःहून म्हणाले? मग मी तिकीट बघतो." आणि जेवण आवरेपर्यंत तीन फ्लाइट पाठवल्या. इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, रिन्यू करायला ज्याला महिनाभर आठवण द्यावी लागते तो!

मी थकले आहे. घर गरम करता येत नाही मला. एवढी शिकली-सवरलेली, आणि एका म्हाताऱ्या माणसाला ऊब देता येत नाही.

११ जानेवारी, रविवार

लॅबमधे फरहाना — माझ्या शेजारच्या टेबलवर बसते, हैदराबादची — सगळं ऐकून म्हणाली, "सुनो, दिन में बंद तो नहीं हो जाता? तुम तो शाम को देखती हो." माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं! फिल्टर धुतेय, वायरी हलवतेय, आणि दिवसभर घरात बसलेल्या माणसाला विचारलं नाही.

घरी येऊन नानांसमोर बसले. आधी म्हणाले, चालू असतं. मग म्हणाले, मधेच जरा थांबतं. मी हलले नाही तेव्हा म्हणाले, "तू गेलीस की थोड्या वेळानं बंद होतं. तू यायच्या आधी चालू होतं."

"रोज?"

"रोज."

"मग सांगितलं का नाही? काचेला हात लावून चालू तरी करायचं!"

नाना चष्मा पुसत बसले. पुसून झाला तरी पुसत होते. "नाव येतं ना खाली. मनीष. त्यानं बंद केलं, ते मी कसं चालू करू? असेल काही त्याचं. बिल येत असेल. त्याला काही बोलू नकोस, बरं का."

मुलानं थंडीत बसवलं असं वाटून बाप गप्प बसला, आणि वर मुलाला बोलू नको म्हणतो! म्हणून तिकीट. म्हणून श्रुती. बाथरूममधे नळ सोडून रडले. मग तोंड धुऊन पोळ्या केल्या.

१२ जानेवारी, सोमवार

मनीषला लॅबच्या जिन्यातून फोन केला. घरून करणं शक्य नव्हतं. जे तोंडाला आलं ते बोलले. तुझा बाप माकडटोपी घालून बसतो, तू म्हणे तिकडून बंद करतोस, नाव येतं तुझं, लाज नाही वाटत?

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. 

मग एकदम इंजिनिअर झाला. "अगं, थांब, ते ऑटो असणार. लोकेशन. आपले दोघांचे फोन घराबाहेर गेले की त्याला वाटतं घर रिकामं आहे. ते हीटिंग बंद करतं. तू परत जवळ आलीस की चालू करतं. अकाउंट माझं आहे म्हणून नाव माझं येत असेल."

ॲपमधे शोधलं. होतं! ते सेटिंग खरंच चालू होतं. माझा फोन हॉस्पिटलमधे, याचा जुबैलला, आणि ॲपमधे माझ्या डोळ्यांसमोर लिहिलेलं — घरी कोणी नाही. हे यंत्र माणसं मोजत नाही, फोन मोजतं. नानांचा फोन त्यात नाही, म्हणून नाना घरातच नाहीत. हसावं की रडावं? मनीषला किती बोलले मी! माफी मागितली. तो म्हणाला, "ठीक आहे गं, जाऊ दे." फार हळू म्हणाला. दुखावला असणार.

लोकेशनचं सेटिंग कायमचं बंद केलं. आता आम्ही चंद्रावर गेलो तरी ते आपणहून बंद होणार नाही.

नानांना सगळं उलगडून सांगितलं. ॲप दाखवलं, फोनचं चित्र दाखवलं. "मनीष नव्हता, नाना. यंत्र होतं. त्याला बिचाऱ्याला माहीतही नव्हतं."  नानांनी टोपी काढली, केस सारखे केले.

"म्हणजे मी घरात नव्हतोच!" म्हणाले आणि हसले. खोकला येईपर्यंत हसले. मग खिडकीकडे तोंड केलं. म्हणाले, "उगाच काय काय आणलं मनात. आपलाच मुलगा."

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. वर्षाच्या आत सण नाही, म्हणून काही केलं नाही. पण तिळाच्या वड्या थापल्या. नानांनी चार खाल्ल्या — सण म्हणून नव्हे, थंडीचं औषध म्हणून!

घर गरम आहे. काल जेवणाच्या सुट्टीत लॅबमधून घरी फोन केला तर म्हणाले चालू आहे. आजही तसंच म्हणाले.

१६ जानेवारी, शुक्रवार

नानांनी स्वतः मनीषला फोन लावून मागितला. मी पोहे परतत होते, सगळं ऐकू येत होतं. "तिकीट नको काढू रे. मी राहतो. व्हिसा वाढव. मार्चमधे तुम्ही एकत्र राहायला जाल तेव्हा मी कोपऱ्यात पथारी टाकेन, मला खोली कशाला हवी? ...हो. ...हो हो. ...ते यंत्राचं कळलं मला. माझंच चुकलं, तुझ्याबद्दल भलतं धरून बसलो होतो."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बापानं मुलाची माफी मागावी, तीही इतक्या सहज! मनीष काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. नाना फोन ठेवून म्हणाले, "बघू म्हणाला." खूश होते. डब्यात धने पेरलेत त्यांनी, खिडकीत ठेवलेत. कोथिंबीर यायला किती दिवस लागतात इथे, विचारत होते.

नंतर मी मनीषला मेसेज केला, व्हिसाचं या आठवड्यात कर. दोन निळ्या रेघा आल्या. उत्तर नाही. कामात असेल.

मी मार्चचा विचार केला. एका बेडरूममधे तिघं. होईल. आमच्या नाशिकच्या चाळीत सात जण होतो.

१८ जानेवारी, रविवार

अंग मोडून आलंय. नानांचा खोकला बहुतेक मला. आज कशीबशी ड्यूटी केली, घरी आले तर पुन्हा तसंच गार वाटलं. की मलाच ताप आहे? नाना म्हणाले, "तुलाच हुडहुडी भरलीय, पड जा." त्यांनी कोट घातला होता. सकाळी फिरायला जाऊन आले म्हणाले.

१९ जानेवारी, सोमवार

ताप. फक्त लॅबला कळवलं आणि पडून राहिले.

नाश्ता झाला, मला गरम पाणी देऊन नानांनी खोलीचं दार ओढलं. थोड्या वेळानं गच्चीवरचं मशीन थांबलं. उठून बाहेर आले. माझा फोन माझ्या हातात. लोकेशन बंद. काचेवर लिहिलेलं — बंद. खाली बारीक अक्षरात — मनीष.

नाना सोफ्यावर होते, टोपी आधीच कानांपर्यंत ओढलेली. मी उठून बाहेर येईन असं वाटलं नसावं. माझ्याकडे बघितलं, काचेकडे बघितलं.

"ती निळी वायर सुटली असेल गं पुन्हा," म्हणाले. "यंत्रच ते. तू पड जा, तुला ताप आहे."

मेन बंद केला. ड्रॉवरमधून टॉवेलातला जुना डायल काढला. वायरी आता पाठ आहेत मला. नानांनी टॉर्च धरला. चकती उजवीकडे फिरवली, वर मशीन गुरगुरलं.

लगेच मनीषचा मेसेज. थर्मोस्टॅट ऑफलाइन दाखवतोय, घरी आहे का कोणी?

लिहिलं — नाना आहेत.